बांगडा: निवड, साफसफाई, पोषण आणि रांधप — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांगडा म्हणजेच मॅकरेल का? मग डब्यातला मॅकरेलही बांगडाच ना?

अर्धं खरं आहे. मॅकरेल हे एका माशाचं नाव नसून बऱ्याच माशांना मिळून वापरलेलं नाव आहे. आपला बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्ता. यातलं ‘कानागुर्ता’ हे तेलुगू किनाऱ्यावरचं नाव, तेच शास्त्रीय नावात गेलं. केरळात याला अयला म्हणतात, गोव्यात बांगडो. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतच्या उष्ण पाण्यात तो थव्याने फिरतो. युरोपातून येणाऱ्या डब्यांत बहुतेकदा अटलांटिक मॅकरेल असतो. कूळ एकच, पण थंड पाण्यातला तो मासा बराच जास्त तेलकट असतो. सुरमई आणि कुपा हेही याच कुळातले.

हा फरक एवढ्यासाठी सांगायचा की इंटरनेटवर मॅकरेलचं म्हणून जे पोषणाचं कोष्टक दिसतं किंवा पाऱ्याचा जो इशारा वाचायला मिळतो, तो अनेकदा दुसऱ्याच माशाचा असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

बाजारात बांगडा ओळखायचा कसा?

अंग दोन्ही टोकांना निमुळतं, पाठ निळसर हिरवी, तिच्यावर गडद आडव्या रेघा आणि पोट चंदेरी. छातीच्या पराच्या खालच्या कडेशी एक काळा ठिपका असतो. शेपटीकडे वर आणि खाली पाच-पाच सुट्या पंखुड्या असतात. सगळ्यात सोपी खूण तोंडात सापडते. जबडा उघडला की कल्ल्यांच्या पिसासारख्या लांब दाट काड्या दिसतात. समुद्राचं पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खायची ही त्याची गाळणी. साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा बांगडा बाजारात येतो. ३५ सेंटिमीटरचा म्हणजे फारच मोठा.

ताजा आहे हे कशावरून ठरवायचं? डोळे बघून?

डोळे बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. बर्फाला थेट टेकलेल्या माशाचा डोळा चांगल्या माशातही धुरकट होतो. बांगड्याच्या बाबतीत आधी पोटाकडे बघावं. हा मासा सतत खात असतो, त्यामुळे त्याच्या आतड्यातले पाचक रस जोरदार असतात. मासा मेला की तेच रस पोटाची पातळ भिंत आतून विरघळवू लागतात. म्हणून शिळ्या बांगड्याचं पोट सगळ्यात आधी मऊ पडतं आणि मग फुटतं. बोटाने हलकं दाबा. खळगा पडून तसाच राहिला किंवा शेपटीजवळच्या भोकातून पाणी आलं, तर तो मासा सोडून द्या.

त्यानंतर कल्ला उचलून बघा. आत लालभडक आणि ओलसर हवं. तपकिरी, राखाडी किंवा चिकट असेल तर नको. कल्ल्यापाशी नाक नेलं की समुद्राच्या पाण्यासारखा वास यावा. उग्र, आंबूस किंवा खवट वास नको. पाठीवरची हिरवी-निळी चमक आणि रेघा ठळक हव्यात. अंग कडक असणं हीही ताजेपणाची खूण आहे, मात्र नुकताच पकडलेला मासा काही वेळ मऊच असतो, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

घरी कापल्यावर शेवटची परीक्षा होते. पाठीच्या काट्यालगत रक्ताची रेघ असते. ती लाल असेल तर उत्तम. काळपट असेल आणि मांस काट्यापासून आपोआप सुटत असेल, तर मासा बरेच तास बर्फाविना राहिलेला आहे.

बांगड्याचा हंगाम कोणता?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा बाहेर पडल्या की बांगडा येऊ लागतो आणि साधारण सप्टेंबर ते जानेवारी त्याची रेलचेल असते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. त्या जाळ्यातला मासा वाळूवर येतो तेव्हा जिवंत असतो, म्हणून रापणीच्या बांगड्याचं नाव आहे. पण चव जाळ्यामुळे येत नाही, पकडल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती वेळ गेला यावर ती ठरते. वाळूवर उन्हात तासभर पडलेल्या रापणीच्या बांगड्यापेक्षा लगेच बर्फात घातलेला होडीतला बांगडा चांगला.

गाबोळी असलेला घ्यावा का?

गाबोळी खायला छान लागते, पण ती तयार करण्यात माशाची चरबी खर्च झालेली असते. अंडी घालून गेलेला बांगडा तर आणखीच कोरडा लागतो. तव्यावर भाजायला भरल्या अंगाचा, पाठीकडे जाड असलेला बांगडा बघा. पोट फुगलेलं पण पाठ सडपातळ, असा बांगडा कालवणात घालावा. आणि हाताच्या पंजाएवढी पिल्लं स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. त्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात, आणि ताटात त्यांचे काटेच जास्त येतात.

चार माणसांना किती बांगडे लागतात?

मध्यम आकाराचा बांगडा १३० ते १५० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत सातेक बसतात. डोकं, कल्ले आणि पोट काढल्यावर १५० ग्रॅमच्या बांगड्याचे साधारण १०० ग्रॅम उरतात आणि काटे वगळून पोटात जातं ते ७५ ते ८० ग्रॅम. जेवणात मासा मुख्य असेल तर माणशी दोन, सोबत आणखी काही असेल तर एक मोठा पुरतो.

बाजारातून आणल्यावर थेट फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो ना?

चालतो, पण घरी आणेपर्यंत काय केलं हे जास्त महत्त्वाचं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. वासाने किंवा रंगाने ते कळेलच असंही नाही. हाताशी उपाय एकच, सुरुवातीपासून थंड ठेवणे.

बाजाराला जाताना जाड पिशवी किंवा थर्मासचा डबा न्या आणि मासळीवालीकडून मूठ-दोन मूठ बर्फ घालून घ्या. मासे शेवटी घ्या, भाजी आधी. घरी आल्यावर लगेच साफ करा. लगेच जमत नसेल तर न धुता बर्फात ठेवा. फ्रीजचं तापमान ४ अंशांच्या खाली हवं, आणि मासा दाराच्या कप्प्यात न ठेवता मागच्या बाजूला, तळाशी ठेवा. साफ केलेला बांगडा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खाऊन संपवावा.

बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल झालं, अंगावर चट्टे उठले. ही अ‍ॅलर्जी का?

दोन शक्यता आहेत. आधी कितीतरी वेळा बांगडा पचलेला असेल आणि एकाच वेळी त्याच ताटातल्या दोघा-तिघांना त्रास झाला असेल, तर हिस्टामिनची बाधा असण्याची शक्यता जास्त. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लालबुंद होणं, डोकं दुखणं, छातीत धडधड, खाज, उलटी किंवा जुलाब ही तिची लक्षणं. काहींना खातानाच मासा जिभेला मिऱ्यासारखा झोंबतो. तसं वाटलं तर तो घास टाकून द्यावा. बऱ्याच जणांना काही तासांत बरं वाटतं, तरी डॉक्टरांना दाखवावं आणि काय खाल्लं तेही सांगावं.

खरी मत्स्य-अ‍ॅलर्जी असेल तर ती प्रत्येक वेळी उठते, मासा कितीही ताजा असला तरी. ती माशातल्या एका प्रथिनामुळे येते आणि ते प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. कोणत्याही कारणाने श्वास लागला, घसा किंवा ओठ सुजले किंवा चक्कर आली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

साफ कसा करायचा?

बांगड्याचे खवले बारीक असतात. सुरीची पाठ शेपटीकडून डोक्याकडे दोनदा फिरवली की निघतात. मग पुढचं असं:

१. पर आणि शेपटीचं टोक कात्रीने किंवा विळीवर कापा.

२. कल्ल्याखाली सुरी घालून दोन्हीकडचे कल्ले ओढून काढा. डोकं ठेवणार असाल तरी कल्ले काढायचेच. रक्त आणि घाण तिथेच साचते आणि कालवणाला कडवटपणाही तिथूनच येतो.

३. भोकापासून गळ्यापर्यंत पोट चिरा. सुरी उथळ ठेवा. खोल गेली की पित्ताची पिशवी फुटते आणि आतलं मांस हिरवट, कडू होतं. फुटलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा.

४. आतडी काढल्यावर पोटाच्या भिंतीला काळी पातळ त्वचा चिकटलेली दिसेल. ती घासून काढा. तिने अपाय होत नाही, पण कडवट वास येतो.

५. पाठीच्या काट्यालगतची रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने किंवा जुन्या मऊ ब्रशने मोकळी करा. बहुतेक जण हे सोडून देतात आणि मग वासाबद्दल कुरकुर करतात.

६. थंड पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच निथळायला ठेवा. पाण्यात भिजत घालू नका. मांस पाणी पितं, फिकं होतं आणि तव्यावर फुटतं.

मासळीवालीकडून साफ करून घेत असाल तर ‘काळी साल आणि काट्याचं रक्त काढून द्या’ असं आवर्जून सांगा.

वास का येतो, आणि घालवायचा कसा?

वास दोन ठिकाणांहून येतो. पहिला माशाच्या अंगातल्या एका रसायनातून: मासा मेल्यावर त्यापासून ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, तोच तो ओळखीचा वास. हे द्रव्य आम्लारी असल्याने लिंबू, कोकम, चिंच, व्हिनेगर असं कुठलंही आंबट त्याला बांधून ठेवतं आणि ते हवेत उडत नाही. आपल्या किनाऱ्यावर माशाला आंबट लावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यामागचं कारण हेच.

दुसरा वास तेलाचा. बांगड्याचं तेल हवेशी संयोग पावून पटकन खवट होतं. हा वास आंबटाने जात नाही. तो ताजेपणानेच टळतो, किंवा तिरफळासारख्या उग्र मसाल्याखाली झाकला जातो.

अर्धा किलो साफ केलेल्या बांगड्याला एक छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि एक मोठा चमचा आगळ (कोकमाचा घट्ट रस) किंवा लिंबाचा रस चोळून १५ ते २० मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी ओतून द्या. अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त ठेवू नका. आंबटाने वरचं मांस पांढरं पडतं आणि तव्यावर त्याचा भुगा होतो.

बांगड्यात पोषण किती असतं?

१०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं, शर्करा आणि तंतू शून्य. चरबी मात्र ठरावीक नसते. ऋतू, आकार आणि अंडी घालण्याचा काळ यांप्रमाणे ती २-३ ग्रॅमपासून १० ग्रॅमच्या आसपास बदलते. त्यामुळे उष्मांकही शंभराच्या जवळपासपासून दीडशेच्या पुढेपर्यंत जातात. एकच नेमका आकडा छापणाऱ्या कोष्टकावर विसंबू नका. त्यातही १४ ग्रॅम चरबी आणि २०५ उष्मांक लिहिलेले दिसले तर ते कोष्टक अटलांटिक मॅकरेलचं आहे.

या चरबीतच ओमेगा-३ गटातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं आहेत. जवस किंवा अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्यातून ईपीए-डीएचए फार थोडं बनवू शकतं. माशातून मात्र ती थेट मिळतात. शिवाय बी-१२, ड जीवनसत्त्व, नायसिन, सेलेनियम, फॉस्फरस आणि आयोडीन. कातडीलगतच्या गडद तांबूस पट्ट्यात तेल आणि लोह जास्त असतं. वासामुळे तो पट्टा काढून टाकणारे बांगड्यातला सगळ्यात पौष्टिक भाग टाकून देतात.

बांगड्यात पारा असतो म्हणतात. गरोदरपणात खावा का?

हा इशारा मुळात अमेरिकेतल्या किंग मॅकरेलबद्दल आहे. तो आपल्या सुरमईचा भाऊबंद, मोठा आणि शिकारी. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकड्यांनुसार त्यात पारा सरासरी ०.७३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ०.७३ भाग), तर अटलांटिक मॅकरेलमध्ये ०.०५. पारा लहान माशाकडून मोठ्या माशात जात जात साठत जातो. बांगडा सूक्ष्म जीवांवर जगतो आणि त्याचं आयुष्यही थोडकं, म्हणून तो या साखळीत खाली राहतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत असा त्याच प्रशासनाचा सल्ला आहे. बांगड्याचे तीन-चार नग त्यात बसतात. मासा ताजा आणि पूर्ण शिजलेला हवा. गरोदरपणात अर्धाकच्चा किंवा खारवलेला टाळलेला बरा.

कोणी जपून खावा?

युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी किंवा गाऊटचा त्रास असलेल्यांनी. बांगड्यात प्युरिन बरंच असतं आणि शरीरात त्याचंच युरिक अ‍ॅसिड होतं, त्यामुळे दुखणं उठलेलं असताना तो नकोच, एरवीही प्रमाण डॉक्टरांना विचारून. रक्तदाब असलेल्यांना ताजा बांगडा चालतो, खारा नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणातल्या माशाला घाबरू नये, पण माशाच्या तेलाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

मासे आणि दूध एकत्र खाल्लं तर कोड उठतं का?

नाही. कोड हा त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे, आणि मासे-दुधाने तो होतो याला पुरावा नाही. पथ्य म्हणून पाळायचं असेल तर जरूर पाळा. पण कोड असलेल्या माणसाला ‘काय खाल्लं होतंस’ असं विचारू नका.

तव्यावर भाजताना बांगडा चिकटतो, मसाला सुटतो. काय चुकतं?

तीन गोष्टी चुकतात: मासा ओला असतो, तवा पुरेसा तापलेला नसतो आणि उलटायची घाई होते.

चार बांगड्यांचं प्रमाण असं. दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-तीन तिरके काप द्या. मीठ-हळद-आगळ लावून १५ मिनिटं ठेवा, पाणी ओता आणि कापडाने टिपून कोरडे करा. दोन मोठे चमचे मालवणी मसाला, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं यांचं घट्ट वाटण करा. वाटताना पाणी शक्यतो नकोच. हे वाटण कापांत आणि पोटात बोटाने भरा, वरून पातळ थर द्या. वरचा थर जाड झाला की लसूण जळतो आणि आतला मासा कच्चा राहतो.

चार मोठे चमचे बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात मासे घोळवा. घोळवल्यावर पाच मिनिटं ताटात ठेवा, म्हणजे रवा धरून राहतो. बिडाच्या तव्यावर तीन मोठे चमचे तेल तापवा. रव्याचा कण टाकल्यावर लगेच तडतडला की मासे सोडा. एका वेळी दोनच. चार एकदम घातले तर तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो. मध्यम आच, पहिली बाजू पाच-सहा मिनिटं. मासा तव्यापासून स्वतःहून सुटला की मगच उलटा. दुसरी बाजू चार-पाच मिनिटं. झाकण ठेवायचं नाही.

पाठीच्या जाड भागातल्या कापात सुरीचं टोक घाला. मांस काट्यापासून सहज सुटलं आणि काट्याशी गुलाबी दिसलं नाही, म्हणजे झाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश पुरेत.

रवा चांगला की नुसतं तांदळाचं पीठ?

रव्याने कुरकुरीतपणा येतो, पण तो तेल पितो. तांदळाच्या पिठाचं कवच पातळ होतं आणि माशाची चव पुढे राहते. भरल्या अंगाच्या बांगड्याला नुसतं पीठ पुरतं किंवा तेही नको, कारण त्याचं स्वतःचंच तेल सुटतं. सडपातळ, कोरड्या बांगड्याला रवा हवा.

बांगड्याचं तिखलं कसं करतात?

तिखलं म्हणजे अंगाबरोबर रस. खोबरं नाममात्र, मिरची आणि आंबट पुढे. तेलकट माशाला हेच शोभतं. नारळाच्या दाट रसात पापलेट खुलतं, पण बांगड्याचं तेल आणि नारळाचं तेल एकत्र आलं की जेवण जड होतं.

चार बांगडे दोन-दोन तुकडे करून घ्या. आठ-दहा बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद, सहा लसूण पाकळ्या आणि दोन-तीन चमचे ओलं खोबरं घालून गंधासारखं वाटा. रुंद, पसरट भांड्यात दोन चमचे खोबरेल तेल, त्यात वाटण दोन-तीन मिनिटं परता. दीड वाटी पाणी, मीठ, आठ-दहा तिरफळं आणि पाच-सहा कोकमं घालून उकळी आणा. मग तुकडे एका थरात लावा. आच मंद करून आठ-दहा मिनिटं शिजवा. मधे पळी घालायची नाही, भांडं दोन्ही कडांना धरून हलवायचं. शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल घालून झाका आणि निदान अर्धा तास तसंच ठेवा. आंबट-तिखट मांसात मुरायला एवढा वेळ लागतो.

तिरफळ वाटणात घालायचं का?

नाही, वाटलं की कडू होतं. तिरफळातलं काळं बी काढून फेका, ते कचकचतं. वापरायची फक्त वरची साल. पाच मिनिटं पाण्यात भिजवून हलकी ठेचा आणि रसात सोडा. खाताना बाजूला काढा. चार बांगड्यांना दहापेक्षा जास्त नकोत. जीभ बधिर होते आणि मग माशाची चव लागत नाही. तिरफळ नसेल तर मिरी घालून भागवू नका, वेगळाच पदार्थ होतो. त्यापेक्षा लसणाची फोडणी देऊन सरळ कालवण करावं.

उडदामेथी कडू का होते?

उडदामेथी म्हणजे भाजलेले उडीद-मेथी घातलेलं खोबऱ्याच्या वाटणाचं कालवण. ते कडू होतं ते मेथी जास्त पडली किंवा करपली म्हणून. चार बांगड्यांना एक छोटा चमचा उडीद डाळ आणि पाव चमचा मेथी, यापुढे जाऊ नये. थेंबभर तेलात आधी उडीद गुलाबी होऊ द्या, मेथी शेवटी घाला आणि ती तांबूस होताच उतरवा. ती काळपट होईपर्यंत थांबलात तर सगळं परत करावं लागेल, कारण तो कडवटपणा गुळानेही झाकत नाही. वाटीभर ओलं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या, मोठा चमचा धणे आणि हळद बारीक वाटा, उडीद-मेथी शेवटी घालून जाडसर फिरवा. या रसाला कोकमासोबत सुपारीएवढा गूळ चांगला लागतो.

कोकम, आगळ, चिंच, कैरी: कुठलं आंबट कशाला?

तिखल्याला आणि उडदामेथीला कोकम. मासा मुरवायला आगळ, पण ते बहुधा खारट असतं, म्हणून मीठ कमी घ्या. चिंचेने रस दाट आणि गडद होतो. कैरी मिळत असेल त्या दिवसांत फोडी आधी अर्धवट शिजवून मगच मासा सोडा, नाहीतर कैरी कच्ची राहते आणि मासा जास्त शिजतो. टोमॅटोचं आंबट बांगड्याला पुरं पडत नाही. नारळाचं दूध घातलेल्या कालवणात आंबट शेवटी घाला आणि नंतर खळखळ उकळू नका, नाहीतर रस फुटतो.

रेशाद मसाला भरून कसा करतात?

ही गोव्याची रीत. पोटाकडून चिरण्याऐवजी पाठीकडून, काट्याच्या दोन्ही बाजूंना सुरी घालून दोन खिसे करतात. बारा-पंधरा काश्मिरी मिरच्या, चमचाभर जिरं, आठ-दहा मिरी, चार लवंगा, इंचभर दालचिनी, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, लिंबाएवढी चिंच, चमचाभर साखर आणि मीठ हे सगळं व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच वाटायचं. पाण्याचा थेंब नाही. पाणी गेलं की मसाला टिकत नाही आणि भरल्यावर बाहेर वाहतो. कोरड्या बाटलीत फ्रीजमध्ये तो तीन-चार आठवडे राहतो. भरलेला बांगडा मंद आचेवरच भाजावा, कारण साखर लवकर करपते.

तेल कमी हवं. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये होतो का?

बांगडा त्यासाठी फारच सोयीचा आहे, स्वतःच्या तेलातच भाजला जातो. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून घ्या, मग बांगडा १५ ते १८ मिनिटं भाजा. एअर फ्रायर १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं, मधे एकदा उलटा. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, त्यात मसाला लावलेला बांगडा गुंडाळून तव्यावर दोन्हीकडून सात-आठ मिनिटं ठेवला तर मांस अजिबात कोरडं होत नाही.

मुलांना काट्यांची भीती वाटते. कसा भरवायचा?

बांगड्याचे काटे शिस्तीत असतात. मधला कणा, पोटाकडच्या फासळ्या आणि पुढच्या अर्ध्या भागात मधल्या रेषेत बारीक काट्यांची एक ओळ. शिजल्यावर मधल्या रेषेवरून चमचा फिरवा. पाठीकडची लांब पट्टी जवळपास बिनकाट्याची सुटते. मुलांना ती द्या, तीही बोटांनी चाचपून. पोटाकडचा भाग मोठ्यांनी खावा.

खारा बांगडा घेताना काय बघायचं?

अंगावर पिवळा-तांबूस तेलकट थर दिसला की तेल खवट झालं समजा. गुलाबी डाग दिसले तर ते मिठात वाढणारे जिवाणू आहेत, तो मासा घेऊच नका. बोंबील, वाकटीसारखे कमी तेलाचे मासे वाळवून वर्षभर राहतात. बांगड्याला तेवढं वय नाही. हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. करण्याआधी कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवा, पाणी बदला, मग निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजा. पदार्थात वेगळं मीठ शेवटी चव बघूनच.

फ्रीझरमध्ये किती दिवस टिकतो?

उणे १८ अंशांवर दोन महिने, फार तर तीन. पुढे बिघडत नाही, पण थंडीतही तेल हळूहळू खवट होत राहतं. पोट साफ करून, कोरडा करून, एका थरात गोठवा. गोठलेला मासा बर्फाच्या पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. अंगावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर बसतो आणि हवा लागत नाही. मग पिशवीतली हवा दाबून काढून बांधा, वर तारीख लिहा. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नका. एकदा वितळलेला मासा परत गोठवायचा नाही.

उरलेलं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. ठेवावं का?

जरूर ठेवा. रात्रभर ओट्यावर मात्र नको. निवल्यावर, शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच वाटीत काढून पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करा. सगळं भांडं पुन्हापुन्हा गरम केलं की मासा विरतो आणि रसात बारीक काटे उतरतात. आंबट रस अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या.